फुगा दाबा, लाजू नका

मुठीत रबरी फुगा ठेवायचा, वरून समोरच्याची बोटं एकेक करून मिटवायची आणि बजावायचं, "दाबायचा. लाजायचं न्हाई." एमआरआयच्या बोगद्यात जाणाऱ्या प्रत्येकाला आमच्या कंपनीतल्या मदतनीस मावशी अशा आत धाडायच्या.

तुम्ही कधी एमआरआय काढला असेल, तर तो ठणठणाट आठवत असेल. तो आतल्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा. तिच्यातला प्रवाह जितका झटपट बदलेल, तितकं चित्र लवकर निघतं. पण फारच झटपट बदलला, की माणसाच्या नसा चाळवतात. नाकावर मुंग्या येतात, पाठीत नाहीतर मांडीत उसळी बसते. मशीनने कुठे थांबायचं, हे ठरवायला जिवंत माणसंच लागतात. तळेगावजवळच्या आमच्या कंपनीत मी तो वेग पायरीपायरीने वाढवायचो, आणि मुंगी जाणवली की आतल्याने फुगा दाबायचा, की बाहेर माझ्याकडे तो वाजायचा. माणसं मावशींच्याच गावची, सुदुंबऱ्याची. सगळं समजावून, सही घेऊन आणलेली. त्यांना झोपवणं-उठवणं हे मावशींचं काम.

आणि काय सांगू, कुणाला किती वेगाला मुंगी येते त्याचा आलेख असा चढला म्हणता! मी वेग वाढवतोय, वाढवतोय, आणि फुगा वाजायचं नाव नाही. आमची कॉइल इतकी गुणी निघेल असं कुणाला वाटलं होतं? मला खुर्चीत बसवेना. मोठ्या साहेबांना फोन करून मोकळा झालो, की मर्यादा चांगली वर ठेवता येईल.

मावशी मात्र काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"सायेब, ह्ये समदे खोटं बोलत्यात."

मला हसूच आलं. आलेख मी काढायचा आणि खोटं यांना दिसायचं! तेव्हा आत त्यांचे चुलतदीर होते. मावशींनी बोट दाखवलं. गड्याची मांडी टुणटुण उडत होती आणि फुग्यावरचा हात अगदी शांत. बाहेर काढलं तर म्हणाले, काय न्हाई, लय बेस मशीन हाय. मावशी शेजारी बसल्या, आधी गोड बोलल्या, मग दरडावलं. तेव्हा कुठे दीर खाली बघत म्हणाले, "सकाळी नाश्ता दिला, मानानं बसवलं. आन् त्यांच्याच मशीनला नावं ठिवायची व्हय?"

आधीच्यांना विचारलं, तर सगळ्यांचंही हेच!

 ही मर्यादा धरली असती तर उद्या आजारी माणसाला आत झटके बसले असते. तरी मी पुटपुटलो, की साहेबांना तर सांगून झालंय. मावशी अशा भडकल्या!

"मंग पुन्यांदा सांगा. तुमचं त्वांड दुखंल, त्यांचं आंग तरी न्हाई."

सांगितलं. बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मावशींनी सगळ्यांना दारातच गाठलं आणि तंबी दिली, की तुम्हाला नावं ठेवायलाच बोलावलंय, गप राहाल तर घरी जा. मग सही करून स्वतःच पहिल्या आत गेल्या. चौथ्याच पायरीला फुगा वाजला, आणि माइकवर आरोळी, "आली! नाकावं मुंगी आली!" आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर जो तो दाबायला लागला. दिरांनी तर मशीन सुरू व्हायच्या आधीच दाबला.

आलेख धाडकन खाली आला. आमची कॉइल चारचौघींसारखीच निघाली, आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. मर्यादा तिथेच बांधली.

मावशी गेल्या साली वारल्या. परवा लोणावळ्याला आईच्या पाठीचा एमआरआय काढला. मशीन आमचंच. मी दाराबाहेर उभा राहून एकेक आवाज ओळखत होतो. आई बाहेर आली. मी विचारलं, आत कुठे काही जाणवलं का?

"छे रे, काही नाही. किती छान मशीन केलंयत तुम्ही."

आई माझं मन मोडायची नाही. खरं सांगतेय की खोटं, हे ओळखायला मावशी हव्या होत्या. त्यांची फार आठवण आली. पण मी आईला खोदून विचारलं नाही. तिच्यासारख्यांनी न सांगितलेलं मावशींनी आधीच ऐकून ठेवलं होतं.