नवऱ्याचं नाव

नव्वदच्या दशकात इंदापूरच्या कोर्टात गरिबांसाठी जे मोफत वकील नेमत, त्यांत मी होते. राहायला बारामतीत. तारखेच्या दिवशी सकाळची एसटी धरायची, उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत इंदापुरात उतरायचं आणि पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात ताटकळायचं. एवढं करून बहुधा पुढची तारीखच हातात पडायची. वर लोकांचा आमच्यावर भरवसा नसे. फुकट मिळते म्हणजे ही सरकारची बाई, आणि सरकार कधी आपल्या बाजूचं असतं का? काही जण माझ्याकडून सगळं समजून घेत आणि मग खात्री करायला बाहेरच्या टायपिस्टला जाऊन विचारत.

लासुर्ण्याची एक बाई मात्र विश्वासानं आली. वयानं माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायची. घरची मेंढरं कधीच विकली गेली होती. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला, सोमेश्वरनगरकडं राहू लागला आणि एका हंगामानंतर दुसरी बाई घेऊन परतला. मावशीला म्हणाला, खोली खाली कर. पत्र्याची एक खोली आणि पुढं शेळ्या बांधायला छप्पर, एवढीच तिला जगात जागा. माहेरी कुणी उरलं नव्हतं. तिला खोलीतून काढू नये म्हणून आम्ही दावा लावला. त्यावर त्यानं लेखी उत्तर दिलं, की ही माझी बायकोच नव्हे, मेंढरं राखायला ठेवलेली बाई आहे. लग्न लागलं होतं माळावर, कळप तिथं बसवलेला असताना. फोटो नाही, भटजी वारलेले, भावकी सगळी त्याच्या बाजूची. पुरावा म्हणून मावशीच काय ती होती.

साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. पूर्ण नाव विचारलं. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं नाव गाळलं.

"नवऱ्याचं नाव?" न्यायाधीशांनी विचारलं.

तिनं पदर ओढून घेतला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानणाऱ्या बायका त्यांनाही रोज दिसत. एरवी अशा वेळी वकिलानं नाव उच्चारायचं, बाईनं मान हलवायची, की काम भागायचं. मी त्यासाठी उठले, तर समोरचे वकीलही उठले. "लग्नच नाकारलंय, साहेब. नाव साक्षीदारानं स्वतः सांगावं." कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. मला खाली बसावं लागलं.

मावशी नखानं पिंजऱ्याचं लाकूड खरवडत राहिली. समोर बाकावर नवरा पाय हलवत बसला होता आणि चक्क हसत होता. तिचा स्वभाव त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. शेवटी न्यायाधीश कंटाळले आणि पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर माझा पारा चढला. "मावशी, तो तुम्हाला बायको म्हणायला तयार नाही, आणि तुम्ही त्याच्या आयुष्याला जपताय?"

"त्यो न्हाय म्हणला म्हणून मी बायकू न्हाय व्हय?" ती म्हणाली. "त्याला काय झालं तर मलाच लागंल की ओ ताई."

"आणि खोली गेली तर?"

"तुमीच घ्या की नाव. शिकलेल्या हायसा, तुमाला काय बी हुत न्हाय."

मी तिला परत सगळं समजावलं. त्यात एसटी चुकली. पुढच्या गाडीत ती शेजारीच बसली होती, तरी लासुर्णे येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला खरंच वीट आला होता. तिचा, त्याचा, कोर्टाचा आणि त्या रस्त्याचाही.

पुढच्या तारखेला ती माझ्या आधी येऊन बसली होती. पिंजऱ्यात गेली. पूर्ण नाव विचारताच स्वतःचं नाव, मग त्याचं नाव, मग आडनाव, एका दमात सांगून मोकळी झाली. मग त्याच्याकडं बोट करून म्हणाली, "ह्योच त्यो," आणि त्याचं नाव पुन्हा घेतलं.

नवरा ताडकन उठला. "ए! भर कोर्टात नवऱ्याचं नाव घेतीस? लाज न्हाय वाटत?"

त्याच्या वकिलांनी डोळे मिटले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि ते वाक्य जसंच्या तसं टिपून घ्यायला सांगितलं. मागं कुणीतरी खुसखुसलं. मीही हसले. मावशी हसली नाही.

त्यानंतरही तारखा पडतच राहिल्या, पण खोली तिची राहिली. निकालाची नक्कल मागायला आम्ही खिडकीशी गेलो. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नवऱ्याचं नाव?" सवयीनं मी तोंड उघडलं, पण मावशीनं आधीच सांगून टाकलं, स्टँडवर गावाचं नाव सांगावं तसं. जिंकल्याचा आनंद मला तिथं तरी व्हायला हवा होता. झाला नाही.

"आता भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कशाची?" ती म्हणाली. "त्याला काय झालं तर मला कुठं लागतंय आता?"

मग तिनं अर्जावर अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि एसटी कधी हाय, असं विचारलं.