आशालताबाईंनी काढलेला व्हिडिओ

मनवेलपाड्यात चाळीच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीशी मशीन लावून आशालताबाई ब्लाऊज शिवायच्या. नवरा गेल्यावर याच मशीनवर त्यांनी लेकीला, उन्नतीला, शिकवून नोकरीला लावलं. बाई तशा भित्र्या. खाली रिक्षास्टँडवर कुणाचं भांडण जुंपलं की त्या खिडकी लोटून घ्यायच्या.

गेल्या वर्षी एका दुपारी मात्र त्यांनी ती लोटली नाही. खाली एका हवालदारानं रिक्षावाल्या आग्नेलची कॉलर धरली होती. रिक्षा बाजूला घ्यायला त्याला जरा उशीर झाला, एवढंच निमित्त. बाईंनी मोबाईल खिडकीबाहेर धरला. हवालदारानं आग्नेलच्या कानाखाली दिली. एकदा, मग पुन्हा. आग्नेल भर रस्त्यात लहान मुलासारखा रडू लागला.

"साहेब, मारू नका हो!" बाई ओरडल्या.

हवालदारानं वर पाहिलं. "ए बाई, बंद कर तो!"

बाईंनी बंद केला नाही.

उन्नतीनं तो व्हिडिओ टाकला आणि बघता बघता तो तुळिंजपासून वसईपर्यंत फिरला. चौकशी लागली. बाई जबाब देऊन आल्या. हवालदार निलंबित झाला. चाळीनं बाईंना शाल दिली.

आणि मग तो आवाज मागे लागला. पिठाच्या गिरणीत उभं असताना मागच्याच्या मोबाईलमधून फाट्, आणि पाठोपाठ त्यांचाच किंचाळता आवाज, "साहेब, मारू नका हो!" भाजीवालीकडे तेच, दवाखान्यात तेच. कुणीतरी त्याला गाणं जोडलं होतं. पोरं खिदळत बघायची. पुढं पुढं मोबाईल नसतानाही ऐकू येऊ लागलं. शिवता शिवता मशीन थांबवून त्या खाली वाकून बघायच्या. स्टँडवर काहीच झालेलं नसायचं.

एका रविवारी चर्चमधून परस्पर आग्नेल दारात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"ताई, तुमचे उपकार आहेत. पण माझ्या जीनाला वर्गातल्या मुलींनी तो व्हिडिओ दाखवला. बापाचं रडणं दाखवलं. शाळेत जायला तयार नाही पोरगी." तो जमिनीकडे बघत होता. "त्यानं मला दोनदाच मारलं, ताई. आता रोज मारतोय. काढून टाकता येईल का?"

उन्नतीनं आपल्याकडचा काढून टाकला. गावभरच्या मोबाईलमधला कोण काढणार? आग्नेल रिक्षा विकून बायकोच्या माहेरी, किनाऱ्याकडच्या वाडीत कामाला गेला. स्टँडवर तो पुन्हा दिसला नाही.

परवा खाली एका पोलिसानं केळीवाल्याच्या गाडीवर काठी आपटली. बाई अनवाणीच जिना उतरल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. केळीवाला त्यांच्या पाठीमागे. मोबाईल त्यांनी पोलिसाच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर धरला, मग तोंडावर.

"हे काय चाललंय?"

"शूटिंग, साहेब. फक्त तुमचं."

पोलिसानं काठी खाली घेतली. पुटपुटत तो मोटारसायकलवर बसून निघून गेला.

संध्याकाळी उन्नतीनं विचारलं, "आई, टाकू?"

"आधी त्या माणसाला विचारू दे."

केळीवाल्याला शोधत बाई चंदनसारपर्यंत जाऊन आल्या. तो कुठंच भेटला नाही. व्हिडिओ अजून त्यांच्याच मोबाईलमध्ये आहे. तो उघडून बघायचा त्यांना धीर होत नाही.