चढाला उतरणारी माणसं

जव्हार संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. खोडाळ्याहून जव्हारला एक जुना लष्करी ट्रक माणसं घेऊन जायचा. त्याच्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. बॉनेटवर हात फिरवत तो सांगायचा, "याच्यात हत्तीची ताकद हाय."

पण ते अवाढव्य इंजिन पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. म्हणून उतारावर तो इंजिन बंद करायचा आणि चढ आला की सगळ्यांना खाली उतरवायचा. भाडं दिलेली माणसं कोंबड्या काखोटीला मारून जवळच्या पायवाटेने चालत आधीच माथ्यावर पोचायची आणि तिथे ट्रकची वाट बघत बसायची.

"चालतो आमीच, मंग तुझा हत्ती कशाला रं?" एका म्हातारीने विचारलं.

"आजी, ताकद हाय म्हणून उधळायची नसते," तो गंभीरपणे म्हणाला.

माझी शिष्यवृत्तीची परीक्षा जव्हारला होती. ती हुकली तर शाळा सुटणार होती. त्या दिवशी चढ आला तसा मीही गणिताचं पुस्तक मिटून सवयीने उतरू लागलो. त्याने खांदा धरून मला परत बसवलं.

"तू बस. वाच."

"आन् ह्याला वजन नाय व्हय?" म्हातारी खालून ओरडली.

"ह्याच्यासाठीच तर वाचवलंय पेट्रोल!"

म्हातारीने आपली कोंबडी माझ्या मांडीवर आणून ठेवली. रिकाम्या ट्रकमध्ये मी आणि कोंबडी गणितं करत चढ चढलो. बाकीचे सगळे पायी.

पुढे मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. अजूनही बस चढाला लागली की मी सीटवरून थोडासा उठतो.