पाय तिचा, हात त्यांचा

उभा जन्म खुर्च्यांचे पाय कातण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना कातारीबुवा म्हणत. त्यांचा सांगाडा, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, पायाने चालायचा. वर लवचिक काठी. तिची दोरी लाकडाला वेढा घालून खाली पायट्याला बांधलेली. पायटा दाबला की लाकूड अंगाकडे फिरायचं, तेवढ्यात पटाशी टेकवून साल काढायची. पाय सैल सोडला की काठी दोरी ओढून घ्यायची, लाकूड उलटं फिरायचं. तेव्हा पटाशी मागे. हा ताल बुवांच्या अंगात मुरला होता.

आणि नेमका गुडघाच रुसला. डॉक्टरांनी पायटा बंद केला. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सांगाडा मी नेतो. माझ्याकडे निदान चालता राहील." बुवांनी मान हलवली खरी, पण त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना.

बायकोला ते बघवेना. एका सकाळी ती पायट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"अहो, पाय माझा, हात तुमचा. बसा त्या स्टुलावर."

"शिवणयंत्र वाटलं का तुला?"

"बसताय, की भावाला निरोप धाडू?"

बुवा पटाशी घेऊन बसले. पहिल्याच दाबाला पटाशी रुतली, ढलपी उडाली. दुसरं लाकूडही वाया. ती कधी दाबते, कधी सोडते, काही उमगेना.

"डोळे आहेत ना? बघा की!"

"डोळे धारेवर ठेवू की तुझ्या टाचेवर?"

झालं! बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "जन्मात... कधी... ऐकलंत... माझं? छप्पर... गळतंय... किती वर्षं... सांगतेय!" दर दाबाला शब्दाचा एक ठसका. बुवांचा हात नकळत त्या ठसक्यावर पडू लागला. तिने श्वास घेतला की पटाशी मागे. लांबच लांब, ओलसर साली त्यांच्या मांडीवर उतरू लागल्या. बुवा मिशीत हसले. बाईंना पत्ताच नव्हता.

इतक्यात हातगाडी घेऊन मेहुणा दारात हजर! भावासमोर नवऱ्याला कसं बोलायचं, म्हणून ती एकदम गप्प झाली. पाय मात्र चालूच. खाट्‌! पटाशी उडाली.

"अगं, गप्प का झालीस? बोल!" बुवा ओरडले.

"काय बोलू?"

"छपराचं बोल!"

मेहुणा बघतच राहिला. "ताई, भांडताय की काम करताय?"

"कामच चाललंय रे," पटाशी पुन्हा टेकवत बुवा म्हणाले. "तू ती गाडी तेवढी दारातून काढ. उजेड अडतोय."