शेवटचा बाक बार्शीटाकळीचा

देवमन सर मूळचे बार्शीटाकळीचे. छप्पन्न साली घरातल्या सगळ्यांसोबत त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पुढे बी. ए. झाले आणि एकसष्टमध्ये अकोल्याला माझ्या मुलीच्या, शकुनच्या शाळेत इतिहास शिकवू लागले. नोकरी कच्ची होती. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला आला, तरच ती पक्की होणार होती.

त्यांची शिकवायची रीत निराळी. फळ्यावर एकच साल लिहायचं आणि एकेका बाकाला एकेक गाव वाटून द्यायचं. त्या साली आपल्या गावात काय चाललं होतं, ते त्या बाकावरच्यांनी उठून सांगायचं. शेवटचा बाक कायम बार्शीटाकळीचा. पुस्तकात सापडलं नाही तर म्हाताऱ्या माणसांना विचारून या, असं ते सांगत. अशानं धडे कधी संपायचे, या काळजीनं मी एकदा त्यांना रस्त्यात गाठलं. ते हसले. म्हणाले, राजे पाठ होतात हो ताई, पण ते सगळे एकाच वेळी जगत होते, हे पोरांच्या ध्यानात येत नाही.

तपासणीच्या दिवशी फळ्यावर १४५३ होतं. पहिला बाक म्हणाला, तुर्कांच्या तोफांनी कॉन्स्टँटिनोपलचा तट फोडला, हजार वर्षांचं राज्य बुडालं. दुसऱ्यानं इंग्रज आणि फ्रेंचांची शंभर वर्षांची लढाई संपवली. तिसरा बिदरचा. त्यानं सांगितलं, बहमनी दरबारात इराणकडचा महमूद गवान आला. आला व्यापारी म्हणून, झाला वजीर. साहेबांनी मान डोलावली आणि शेवटच्या बाकाकडे बोट केलं.

तिथं शकुन होती. आदल्या दिवशी ती सरांच्या आईला, मनकर्णाबाईंना, विचारून आली होती. त्या बोलल्या तसंच तिनं म्हणून दाखवलं:

"साल मले नाई समजत, बाई. देवीचं देऊळ तवाबी होतं, अन् आमी तवाबी गावाभाईरच होतो."

हे कोणत्या पुस्तकात आहे, असं साहेबांनी सरांना विचारलं.

"कोणत्याच नाही, साहेब. म्हणून तर तो बाक ठेवला."

साहेब पुढच्या वर्गात गेले.

घरी येऊन शकुननं हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं, आपल्या पोरीच्या तोंडापायी एका माणसाची भाकरी जाणार. तिचे वडील एवढंच म्हणाले, की तिनं खोटं काय सांगितलं? ते मलाही कळत होतं, पण नोकरी सरांची होती. उन्हाळाभर मी शाळेतल्या कुणा ना कुणाला सरांच्या शेऱ्याचं विचारत राहिले.

जूनमध्ये सर पक्के झाले. धडे वेळेत संपवावेत, असा शेरा मात्र सोबत होता. मनकर्णाबाई स्वतः पेढे घेऊन आमच्याकडे आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या आणि मला म्हणाल्या,

"पोरगा पक्का झाला म्हनते. मंग आता गावात आलो का वं आमी?"

मला हो म्हणवेना. मी त्यांना नीट टेकून बसायला सांगितलं आणि चहा ठेवायला उठले.