दाताची बोली

भांडण न करता नवरा-बायको वेगळे झाले, हे वाटूरमध्ये कुणालाच पचलं नाही. काडीमोड म्हटला की दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन यावीत, सात पिढ्यांचा उद्धार व्हावा, अशी गावाची अपेक्षा. झुंबरबाईनं त्यातलं काही होऊ दिलं नाही. मुलगा हवा म्हणून भुजंगनं साळूबाईशी दुसरं लग्न केलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमचं तुमाला लखलाभ. मला सवतीवर नांदायचं न्हाई." दोन वर्षांच्या हौसाला कडेवर घेऊन ती वाटूरला भावाकडे, रखमाजीकडे आली.

पंच मारुतीच्या पारावर बसले, निजामाच्या राज्यातल्या तेराशे पंचेचाळीस फसली साली. गवताची काडी दोघांनी दोन टोकांना धरून मोडली. भुजंगनं दर संक्रांतीला ज्वारीचं एक पोतं आणि एक लुगडं पोचवायचं, हेही बिनबोभाट ठरलं. अडलं ते पोरीवर. रीत अशी की अंगावरचं मूल आईचं, जाणतं झालं की बापाचं. जाणतं कधी झालं म्हणायचं, एवढाच प्रश्न होता. कारभारी पाटील भला माणूस. तो म्हणाला, "आठ वर्साची होऊ द्या. मंग न्यावी बापानं."

सहा वर्षं आयती पदरात पडत होती. आणि इथंच झुंबरबाईची अक्कल नको तिथं धावली. पटवारी फसली साल मोजणार, भटजी शक मोजणार, कचेरीतला मुनशी तिसरंच काही मोजणार. आपण अडाणी बाई, मधली दोन वर्षं कुठं गडप झाली ते कळायचंही नाही. तिचा स्वतःचा पहिला दात नवव्या वर्षी पडला होता, असं तिची माय सांगायची. पदर सावरून ती म्हणाली, "वर्सं कोन मोजीत बसतंय? पोरीचा पयला दात पडंल त्या दिसापासून ती बापाची. दाताला काय लबाडी करता येती का?"

पंचांनी माना डोलावल्या. बाई हुशार आहे, असंही कुणी तरी म्हणालं. भुजंग म्हणाला, "बराबर हाय." त्याचे दात लहानपणी फार लवकर पडले होते, हे त्यालाही तेव्हा आठवलं नसावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन संक्रांती सुखाच्या गेल्या. भुजंग त्याच्या गावाहून, कुंभार पिंपळगावहून, गाडी जुंपून यायचा, पोतं उतरवायचा, ओसरीवर हौसाला मांडीवर घेऊन बसायचा. झुंबरबाई त्याचं ताट रखमाजीच्या हाती बाहेर पाठवायची. साळूबाईची कूस उजवली नव्हती. हौसाला सोडून निघताना त्याचा पाय निघायचा नाही, हे झुंबरबाईला दाराआडून दिसायचं. तिला त्याची दया यायची, आणि भीतीही वाटायची.

हौसाला सहावं लागलं नि मार्गशीर्षात हुरडा खाताना तिचा दात पडला. तळहातावर दात घेऊन पोर नाचत शेण आणायला निघाली. शेणाच्या गोळीत घालून तो घराच्या माळवदावर फेकायचा असतो, म्हणजे नवा नीट येतो. झुंबरबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि दात आपल्या फणी-कुंकवाच्या फणेरपेटीत लपवला.

"कुनाला सांगू नको. बा आला की हसायचं न्हाई. हसू आलंच तर तोंडावर हात धरायचा."

महिनाभर तिनं पोरीकडून हे घोटून घेतलं. पोर हसली की ही नुसती बघायची, की हात बराबर तोंडावर जायचा. आपण काय शिकवतोय याची झुंबरबाईला लाज वाटे, पण शिकवणं काही थांबलं नाही.

संक्रांतीला भुजंग आला. त्यानं दिलेलं उसाचं कांडं हौसा नुसतं हातात धरून बसली. तिला हसवायला त्यानं तिचं टोपडं स्वतःच्या डोक्यावर चढवलं. पोरीनं दोन्ही हात तोंडावर धरले. त्यानं थट्टेत ते बाजूला केले आणि तो थांबला.

"दात कधी पडला गं?"

"माय म्हनली, सांगू नको," हौसा म्हणाली.

आत तव्यावर भाकरी करपत होती. दात आपटून पडला, असं म्हणता आलं असतं. मग पुन्हा पंच, पुन्हा पार, आणि समोर एकही संक्रांत न चुकवलेला माणूस. रखमाजी आत येऊन हळूच म्हणाला, "बोलवू का पाटलाला?"

"काय सांगता त्याला? दात पडला न्हाई म्हनून?"

भुजंगनं टोपडं उतरवून पुन्हा पोरीच्या डोक्यावर नीट बसवलं. मग दाराकडे न बघता म्हणाला, "हौसाची माय, बोली तुझीच व्हती."

"व्हती."

"साळू जीव लावील. पंचमीला अन् दिवाळीला म्या सोता आनून सोडीन."

"बरं."

त्यानं एकदा तरी आवाज चढवावा, असं तिला फार वाटलं. मग तिलाही ओरडता आलं असतं, त्याची गचांडी धरता आली असती. त्यानं चढवला नाही. ठरल्याप्रमाणे पोतं उतरवलं, लुगडं ठेवलं, पोरीला गाडीत बसवलं आणि थंडीची म्हणून तिच्याभोवती स्वतःची घोंगडी गुंडाळली. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा झुंबरबाईनं फणेरपेटी उघडली, दात शेणात घालून माळवदावर फेकला आणि तिथंच अंगणात बसून राहिली.

भुजंगनं शब्द पाळला. पंचमीला, दिवाळीला हौसा यायची. अंगानं भरलेली, नवं परकर-पोलकं घातलेली. साळूबाईला ती माय म्हणायची आणि हिला वाटूरची माय. दात सगळे पांढरेशुभ्र, एका ओळीत आले होते. झुंबरबाई कौतुकानं काहीतरी थट्टा करायची. हौसाला हसू फुटायचं आणि हात झटकन तोंडावर जायचा.

"आता कशाला गं? हास की मोकळी."

हौसा बरं म्हणायची आणि हाताआडूनच हसायची.