फ्लॉपीला लावलेलं कुंकू

आज दसऱ्याला सुनेने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि त्या वासासरशी मला सातपूरच्या घरातला आमचा जुना कॉम्प्युटर आठवला. त्या दसऱ्याला मी फ्लॉपीलाही कुंकू लावलं होतं, तेही थेट तिच्या सरकत्या पत्र्यावर. तीन महिन्यांचा कोर्स केलेली विदुषी ना मी!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांची चांदवडकडची हळदीची गाणी मी दुपारभर टाइप केली. सेव्ह करताना फ्लॉपी करकरली. फाइल सेव्ह होत नाही, असं मशीन पुन्हा पुन्हा सांगत राहिलं.

"काय म्हनतंय गं ते?" सासूबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"काही नाही हो आई, बंद करून चालू केलं की सुधारतं," म्हणत मी थाटात बटण दाबलं. पुन्हा चालू केलं, तर एकही गाणं उरलं नव्हतं.

"परत सांगते. वहीत लिव्ह."

"आता दमलात तुम्ही. ऑपरेशन झाल्यावर सांगा."



त्यानंतर त्या बारा वर्षं जगल्या. मला हाक मारायची असली, की ताटलीवर चमचा वाजवायच्या.